तारापूरची वीज, माडबनचा सडा: अणुऊर्जेबद्दल नीट बोलूया

खारवारा (धागाकर्ता)

मी पालघर जिल्ह्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. अणुविखंडनाचा धडा निघाला की वर्गातले प्रश्न पुस्तकाबाहेरचे असतात. "सर, तो फुटला तर?" "समुद्रात पाणी सोडतात त्याचं काय?" "एवढी वीज इथे होते, मग आपल्याकडे लाइट का जाते?" मुलं बरोबर ठिकाणी बोट ठेवतात. मोठ्यांच्या चर्चेत मात्र मला दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, शास्त्रज्ञांना कळतं, तुम्ही पडू नका यात. दुसरा अणू म्हटलं की थेट हिरोशिमाला पोचतो. मला वाटतं, ज्यांच्या अंगणात ही केंद्रं उभी राहतात त्यांना पूर्ण माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि तीही आपल्या भाषेत. म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

आधी यंत्र. पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. इथवर कोळशाचं केंद्र आणि अणुकेंद्र सारखंच. उष्णता येते कुठून, एवढाच फरक. युरेनियम-२३५ च्या केंद्रकात न्यूट्रॉन शिरला की ते दुभंगतं, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. त्यातल्या सरासरी एकानेच पुढचं केंद्रक फोडावं अशी व्यवस्था केली की साखळी एका लयीत चालते. जादा न्यूट्रॉन शोषायला बोरॉन, कॅडमियम अशा पदार्थांच्या नियंत्रक कांड्या असतात. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं तर साधारण एक मेगावॉट उष्णता अख्खा दिवस मिळते. इंधन इतकं थोडं लागतं ते यामुळे.

खाणीतल्या युरेनियममध्ये हे २३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. सुटलेले न्यूट्रॉन वेगवान असतात, ते मंद केले तर २३५ सहज फुटतं. साधं पाणी न्यूट्रॉन मंद करतं, पण काही गिळूनही टाकतं. म्हणून साध्या पाण्याच्या अणुभट्टीला २३५ चं प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, म्हणजे समृद्ध युरेनियम लागतं. जड पाणी, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो ते पाणी, न्यूट्रॉन फारसं गिळत नाही, त्यात नैसर्गिक युरेनियमवर भागतं. समृद्धीकरणासाठी दुसऱ्या देशाच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून भारताने जड पाण्याचा मार्ग धरला. ते जड पाणी तयार करणारा एक कारखाना आपल्या अलिबागजवळ थळला आहे.

तारापूरला दोन्ही प्रकार एका आवारात दिसतात. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, साध्या उकळत्या पाण्याच्या: पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनला जाते. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, पुढे ती १६० वर आणली. तिसरी आणि चौथी भट्टी स्वदेशी, जड पाण्याची, प्रत्येकी ५४० मेगावॉट. चौथी २००५ ला आणि तिसरी २००६ ला सुरू झाली.

आता 'फुटला तर?' अणुबॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतं, आणि ते एका विशिष्ट रचनेत क्षणार्धात एकत्र आणावं लागतं. भट्टीतल्या इंधनात हे होऊच शकत नाही. पण एवढं सांगून विषय संपवणारे लोक खरा धोका लपवतात, कळत असो वा नकळत. कांड्या आत घातल्या की साखळी थांबते, उष्णता थांबत नाही. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसे विखंडनातून तयार झालेले पदार्थ तापतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. तारापूरच्या ५४० च्या भट्टीत मुळात १,७०० मेगावॉटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणजे बंद केल्यावर लगेच शंभराहून जास्त मेगावॉट. दिवसभराने ती अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरते, तरी आठेक मेगावॉट उरतेच. ती काढून नेणारं पाणी फिरत राहिलं पाहिजे. अणुसुरक्षेचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे.

इतिहासातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. होमी भाभांनी १९५४ मध्ये तुर्भ्याला (मुंबईतलं ट्रॉम्बे) संशोधन केंद्र उभं केलं, ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली. तारापूर मात्र आपण तयार विकत घेतलं, आणि सोबत इंधनाचं परावलंबनही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. मग तारापूरला इंधन दिलं ते आधी फ्रान्सने, नंतर चीनने, नंतर रशियाने. राजस्थानात रावतभाट्याचा प्रकल्प कॅनडाने अर्ध्यात सोडला आणि तो आपल्या अभियंत्यांनी पूर्ण केला. देशातल्या आजच्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या का, याचं उत्तर त्या वर्षांत आहे.

विचारा. जे ठाऊक आहे ते सांगेन.

चौकस_पाखरू

सर, धागा आवडला, मुलीलाही वाचायला दिला. तिची शंका: पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनला जाते म्हणता. मग टर्बाइनसुद्धा किरणोत्सारी होत नाही का?

खारवारा

मुलीला शाबासकी द्या. होय, त्या प्रकारात भट्टी चालू असताना टर्बाइनपाशी किरणोत्सर्ग असतो. पाण्यातल्या ऑक्सिजनवर न्यूट्रॉन आदळून नायट्रोजन-१६ तयार होतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, ७ सेकंदांच्या आसपास; त्यामुळे भट्टी बंद झाली की मिनिटा-दोन मिनिटांत तो नाहीसा होतो. चालू असताना मात्र टर्बाइनभोवती भिंतींचं संरक्षण लागतं. जड पाण्याच्या भट्टीत हा प्रश्न येत नाही. तिथे भट्टीतलं जड पाणी नळ्यांच्या आतून जातं, बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ होते आणि तीच टर्बाइनला मिळते.

साकव

मी राजापूर तालुक्यातली. सर, तुम्ही निखाऱ्यांचं सांगितलंत ते आम्हाला एवढ्या वर्षांत कुणी सरळ सांगितलं नव्हतं.

जैतापूर म्हणून जो प्रकल्प पेपरात येतो तो प्रत्यक्षात माडबनच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा या गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन. फ्रेंच बनावटीच्या १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित, एकूण ९,९०० मेगावॉट. एका जागी एवढं मोठं अणुकेंद्र जगात कुठेच नाही. सरकारी कागदात ही जमीन 'पडीक' लिहिलेली. कोकणातला माणूस सड्याला पडीक म्हणत नाही. पावसात तिथे गुरं चरतात, गवत होतं, कडेला कलमं लावलेली असतात, जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला येतं.

पलीकडे साखरी नाटे. पूर्ण गाव मासेमारीवर. त्यांची एक इंचही जमीन गेलेली नाही, म्हणून नुकसानभरपाईच्या यादीत त्यांना मुळात जागाच नव्हती. समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो ना! एप्रिल २०११ मध्ये फुकुशिमा ताजं असताना इथे आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात नाट्याचा एक तरुण गेला. त्यानंतर आमच्याकडे हा विषय कुणी हळू आवाजात बोलत नाही.

माझा प्रश्न गरम पाण्याचा आहे. 'थोडंसं कोमट' असं सांगतात. थोडंसं म्हणजे किती?

खारवारा

साकवताई, याचा हिशेब मांडता येतो, सगळ्यांसमोर मांडतो.

अणुभट्टीतल्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग विजेत जातो, उरलेला पाण्याला द्यावा लागतो. १,६५० मेगावॉटच्या त्या भट्टीची उष्णता सुमारे ४,५९० मेगावॉट आहे. म्हणजे प्रत्येकी २,९०० मेगावॉटहून जास्त समुद्रात, सहांची मिळून साडेसतरा हजारांच्या आसपास. पाणी ५ अंशांनीच तापवून सोडायचं ठरवलं तर दर सेकंदाला साधारण ८५० घनमीटर पाणी आत ओढून परत सोडावं लागेल. कोकणातल्या कुठल्याही नदीच्या उन्हाळी प्रवाहापेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

हे पाणी किरणोत्सारी नसतं, कारण ते फक्त संघनकातून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळ्यांच्या आतून जातं. पण ५ अंशांचा फरक माशांच्या अंड्यांना आणि पिल्लांना जाणवतो, आणि पाण्याबरोबर आत ओढली जाणारी बारीक जीवसृष्टी मरते ती वेगळीच. पाइप किती खोल नेतात, प्रवाह कुठे वळतो, यावर नुकसान किती ते ठरतं. 'थोडंसं कोमट' हे उत्तर नव्हे. तुम्ही आकडा मागता तो योग्यच आहे.

वर्धाकाठ

मी कोळशाच्या पट्ट्यात वाढलो. साकवताईंबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू सांगतो.

महाराष्ट्राचे दिवे लागतात ते मुख्यतः विदर्भातल्या कोळशावर. खाणीसाठी गावं आमचीच उठतात, जंगल आमचंच तुटतं, राख आमच्याच शेतावर बसते. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यावरून हात फिरवला की बोटाला काळं लागतं. कोळशामुळे माणसं मरतात ती एका दिवशी मरत नाहीत. दमा, हृदयविकार, फुप्फुसं यातून वर्षानुवर्षं मरतात, म्हणून त्याची बातमी होत नाही. आंतरशासकीय हवामान मंडळाने २०१४ मध्ये दिलेले मध्यम आकडे बघा. बांधकामापासून मोडणीपर्यंत सगळं धरून एक युनिट विजेमागे कार्बन डायऑक्साइड: कोळसा ८२० ग्रॅम, अणू १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. मला अणुवीज हवी आहे, आणि माडबनच्या माणसाला न फसवता हवी आहे. कोकणाने नको म्हटलं की भार परत चंद्रपूर-नागपूरकडे वळतो, हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

साकव

वर्धाकाठ, तुमचं म्हणणं पोचलं. राखेचं दुःख आमच्यापेक्षा वेगळं नाही. तुमचा माझा वाद नाही. दोघांना विचारलं गेलं नाही, हे आपलं सारखंच आहे.

हिशेबवही

खर्चाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. जैतापूरला जी भट्टी प्रस्तावित आहे त्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्चाचा पहिला अंदाज ३.३ अब्ज युरो होता, शेवटी तो चौपटीच्या आसपास गेला. फिनलंडमधली ओल्किलुओटो-३ बांधायला घेतली २००५ मध्ये, नियमित वीज २०२३ मध्ये. एवढ्या वर्षांचं व्याज शेवटी युनिटच्या दरातच येतं.

याच्या उलट आपल्या स्वदेशी ७०० मेगावॉटच्या भट्ट्या. गुजरातेत काकरापारला तिसरी २०२३ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये व्यापारी पातळीवर आली. उशीर त्यांनाही झाला, पण रचना आपली, सुटे भाग बनवणारे कारखाने इथले, आणि एकाच नमुन्याच्या भट्ट्या ओळीने बांधता येतात. माझं मत स्पष्ट आहे: अणुऊर्जा वाढवायचीच तर या वाटेने वाढवावी. परदेशी महाकाय भट्ट्यांच्या नादी लागू नये.

जुन्या केंद्राचं गणित मात्र वेगळं असतं. भांडवल फिटलं की इंधनाचा खर्च किरकोळ, त्यामुळे तारापूरच्या जुन्या भट्ट्यांची वीज अनेक वर्षं देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत मोजली जायची. गोव्याच्या शेजारी, कारवारजवळच्या कैगा केंद्राची पहिली भट्टी सलग ९६२ दिवस न थांबता चालली, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. सौरऊर्जा आज स्वस्त आहे आणि झपाट्याने वाढायलाच हवी, पण संध्याकाळी सातला सूर्य नसतो आणि मागणी चढलेली असते. साठवणीच्या बॅटऱ्या अजून पुरेशा नाहीत. देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे, हेही विसरू नका. एवढ्या छोट्या वाट्यासाठी आपण इतकं भांडतो, कारण पुढच्या योजना मोठ्या आहेत: २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट जाहीर झालं आहे.

सेंदाईकर

जपानमधून लिहितोय. फुकुशिमाचं नाव आलं की ओनागावाचंही यायला हवं. ११ मार्च २०११ च्या ९.० तीव्रतेच्या भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमा दाइइचीपेक्षा ओनागावाचं अणुकेंद्र जवळ होतं. लाट तिथेही प्रचंड आली. तरी ते केंद्र सुखरूप बंद झालं, आणि घरं वाहून गेलेल्या शेकडो गावकऱ्यांनी केंद्राच्या आवारातच आसरा घेतला.

फरक उंचीचा होता. यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने बांधकामाच्या वेळी हट्ट धरला की इ. स. ८६९ च्या त्सुनामीची नोंद लक्षात घ्या, केंद्र उंचावर बांधा. इतरांना तो खर्च वाया वाटत होता. केंद्राची जमीन १४.८ मीटर उंचीवर ठेवली गेली. हिराई १९८६ मध्ये वारले, त्यांचं म्हणणं खरं ठरलं पंचवीस वर्षांनी. फुकुशिमा दाइइचीत मुख्य भट्ट्यांची जमीन १० मीटरवर, संरक्षणाचा हिशेब ५.७ मीटरच्या लाटेचा, आणि बहुतेक डिझेल जनित्रं तळघरात. लाट आली १४-१५ मीटरची. जनित्रं बुडाली, पाणी फिरायचं थांबलं, आणि खारवारा सरांच्या त्या निखाऱ्यांनी तीन भट्ट्यांचं इंधन वितळवलं.

दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. किरणोत्सर्गाने झालेल्या मृत्यूंपेक्षा घाईच्या स्थलांतराने आणि त्यानंतरच्या हालांनी झालेले मृत्यू कितीतरी जास्त, फुकुशिमा प्रांतात दोन हजारांवर. त्यात बहुतेक वृद्ध. रुग्णालयांतून, वृद्धाश्रमांतून माणसं बसमध्ये बसवली, पुढे कुठे न्यायचं ते ठरलेलंच नव्हतं. इथले लोक अजून सगळ्यात जास्त चिडतात ते यावर.

खारवारा

सेंदाईकर, मनापासून आभार. आपल्याकडची एक घटना याला जोडतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत आहे.

उत्तर प्रदेशातलं नरोरा, ३१ मार्च १९९३ ची पहाट. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, कंपनांनी जनित्र हादरलं, त्यातला हायड्रोजन बाहेर पडून पेटला. आग केबलांतून पसरली. मुख्य आणि आपत्कालीन अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबल एकत्रच नेलेल्या असल्याने सगळीच वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना तो सोडावा लागला. भट्टी बंद झाली होती, पण ती बंदच राहील याची खात्री हवी होती. कर्मचाऱ्यांनी अंधारात बॅटरीच्या उजेडात वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमनाच्या पंपांचं पाणी वाफजनित्रांना देऊन उष्णता काढली. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना होतं. इंधन वितळलं नाही, किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही.

त्या रात्रीच्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण केबल वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्यात हे तेव्हाही जगाला माहीत होतं, आणि माणसांच्या धैर्यावर विसंबून राहायची वेळ येऊ नये यासाठीच नियम असतात. नरोऱ्यानंतर आपल्या केंद्रांत केबलांची फेररचना झाली, पाती बदलली गेली. ही गोष्ट शाळेत शिकवावी असं मला वाटतं, संपूर्ण, तिच्यातल्या चुकांसकट.

शुभ्रा_टी

मी मुंबईत एका कर्करोग रुग्णालयात किरणोपचार विभागात तंत्रज्ञ आहे. रोज छातीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला लावते, ठरावीक काळाने तो तपासणीला जातो, आणि मला मिळालेली मात्रा कागदावर येते. या कागदामुळे माझी भीती गेली. म्हणून मात्रेबद्दल लिहिते.

किरणोत्सर्ग जिवंत शरीरावर किती परिणाम करतो ते मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, खडक, आकाश, अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे ही मात्रा काही ठिकाणी कित्येक पट आहे. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात कर्करोगाचं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही. अणुकेंद्रामुळे आसपासच्या जनतेला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये अशी मर्यादा आहे. आमच्यासारख्या कामगारांसाठी पाच वर्षांत मिळून १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३०.

अणुऊर्जा म्हणजे फक्त वीज, असं समजू नका. कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार होतं आणि त्याच्या किरणांनी गाठी जाळतात. 'भाभाट्रॉन' हे उपचारयंत्र तुर्भ्यातच विकसित झालं, परदेशी यंत्रापेक्षा बरंच स्वस्त, त्यामुळे लहान शहरांतल्या रुग्णालयांना ते परवडलं. थायरॉइडच्या रुग्णाला आयोडीन-१३१ देतो तेही भट्टीतूनच येतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी 'किरणं वाईट असतात' असं कसं सांगू? किती, कुठे, किती वेळ, हे मोजून देणं हे आमचं काम. माडबनच्या आणि तारापूरच्या माणसालाही असाच मोजलेला कागद दर वर्षी घरी मिळाला पाहिजे.

बांधावरून

आमच्या शेतातला अणू सांगतो. उन्हाळी भुईमुगाला आमच्याकडे 'टॅग-२४' पेरतात, ही जात तुर्भ्याच्या केंद्राने किरणांचा वापर करून काढलेली. बियांवर किरणं सोडून गुणधर्मांत बदल घडवायचे, त्यातून चांगली झाडं निवडायची, संकर करायचा, अशी पद्धत. उगवलेल्या शेंगेत किरणोत्सर्ग नसतो. बुटकी, लवकर येणारी जात, शेतकऱ्याने ती आपणहून उचलली.

लासलगावचं केंद्रही आहे, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणं देणारं. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा हापूस तिथूनच किरणं घेऊन गेला. कांद्यात मात्र ते म्हणावं तसं चाललं नाही. मोड थांबतात, पण सड आणि वजनातली घट थांबवायला शीतगृह लागतंच. वाहतूक, हमाली, शीतगृह धरलं की चाळीतला कांदा परवडतो. तंत्रज्ञान चांगलं असूनही बांधापर्यंत पोचत नाही त्याचं कारण असं साधं असतं.

चौकस_पाखरू

कचऱ्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. हजारो वर्षं सांभाळावा लागतो म्हणतात, ते खरं का?

खारवारा

खरं आहे, पण सगळ्या कचऱ्याला एकच काळ लागू नाही. वापरलेल्या इंधनातले सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० सुरुवातीची शतकं त्रासदायक असतात. त्यांचा अर्धायुकाल तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे तीनशे वर्षांत ते हजारांश उरतात. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल २४,१०० वर्षं. भारत वापरलेल्या इंधनाला कचरा मानत नाही; त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढतात. उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत मिसळून घट्ट करतात. हे काम तारापूर आणि तुर्भ्याला चालतं. वेगळं काढलेलं प्लुटोनियम कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या शीघ्र प्रजनक (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) भट्टीसाठी, आणि त्यापुढे केरळ-तामिळनाडूच्या वाळूतलं थोरियम वापरायचं, अशी भाभांची तीन टप्प्यांची योजना. कागदावर ती अतिशय सुंदर आहे. सत्तर वर्षं होत आली तरी दुसरा टप्पा नुसता उंबरठ्यावर आहे, त्यामुळे थोरियमच्या भरवशावर आजचे निर्णय घेऊ नयेत असं मला वाटतं.

काचेतला तो भाग शेवटी कुठे पुरायचा, ती खोल जागा आपल्याकडे अजून नाही. फिनलंडने ओन्कालो येथे चारशे मीटरहून खोल, जुन्या कठीण खडकात बोगदे खोदले आहेत. तिथे ज्या गावाच्या हद्दीत ते होणार त्याला नकाराचा अधिकार कायद्याने दिलेला होता. गावाने होकार दिला.

हिशेबवही

नकाराचा अधिकार, हा मुद्दा इथे कळीचा आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, पण ज्या खात्याच्या केंद्रांवर लक्ष ठेवायचं त्याच खात्याच्या छत्राखाली. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने यावर कडक ताशेरे ओढले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा 'शांती' कायदा मंजूर केला, त्यात मंडळाला कायद्याने दर्जा दिला आणि खासगी कंपन्यांना वाटही मोकळी केली. मात्र २०१० च्या दायित्व कायद्यात, सदोष यंत्रामुळे अपघात झाला तर पुरवठादाराकडून वसुलीचा जो हक्क होता, तो आता तसा राहिला नाही. भोपाळ सोसलेल्या देशात ती तरतूद विनाकारण आली नव्हती. ती जायला नको होती.

वर्धाकाठ

तारापूरच्या विस्थापितांचंही लिहा कुणीतरी. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. माडबनच्या लोकांनी आधी तिकडे जाऊन त्या वसाहती पाहिल्या, आणि मग आपलं मत बनवलं. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ते जास्त बोलकं.

साकव

आमच्याकडचे लोक गेले होते ते खरं.

आता माझं शेवटचं. मी आंधळेपणाने विरोध करत नाही, आणि तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून बरंच कळलं. मला चार गोष्टी ग्रामसभेत, मराठीत, लेखी हव्यात. सोडलेल्या पाण्याचं तापमान दर महिन्याला. प्रकल्पाआधी किती मासळी मिळत होती याचा अभ्यास, तो नाट्याच्या लोकांना सोबत घेऊन केलेला. शुभ्राताई म्हणतात तसा मात्रेचा कागद. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर आमच्या वाडीत कोण येणार, कुठल्या रस्त्याने नेणार, म्हातारी माणसं कुठे ठेवणार. पावसाळ्यात आमचे रस्ते कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. चौथ्याचं उत्तर आहे का कुणाकडे?

खारवारा

नियम असा आहे. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंतचा भाग आपत्कालीन नियोजनाचा. कुंपणाच्या आतली जबाबदारी केंद्राची; बाहेरच्या आराखड्याचे प्रमुख जिल्हाधिकारी. अशा प्रसंगी पहिली सूचना सहसा घरात राहा, दारं-खिडक्या लावा, उघड्यावरचं पाणी आणि दूध घेऊ नका, अशी असते. दुधाचं कारण चेर्नोबिल. १९८६ मध्ये तिथल्या गवतावर आयोडीन-१३१ पडलं, गाईंच्या दुधातून ते मुलांच्या पोटात गेलं आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. आधीच साध्या आयोडीनच्या गोळ्या घेतल्या तर थायरॉइड भरलेली राहते, किरणोत्सारी आयोडीन आत शिरत नाही. पण गोळी वेळेत मिळाली तरच. म्हणून गोळ्या जिल्ह्याच्या गोदामात आहेत की उपकेंद्रात, हे गावाला माहीत हवं. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवसांचा, त्यामुळे पहिले काही तास आणि दिवसच निर्णायक.

पालघरच्या आराखड्यात आमच्या भागातल्या शाळांना निवारा म्हणून धरलंय का, हे विचारायला मी अर्ज करतो आहे.

शुभ्रा_टी

साकवताई, गोळ्यांची मात्रा वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना आधी द्यावी लागते. आशासेविकांना हे आधीपासून शिकवलेलं हवं. मी सोप्या मराठीत एक पान लिहून इथे टाकते. आमच्या विभागातल्या डॉक्टरांकडून तपासून घेईन, मगच टाकेन.

साकव

टाका नक्की. पुढच्या ग्रामसभेत मी ते मोठ्याने वाचून दाखवेन. सर, तुमच्या अर्जाचा मसुदाही द्या, आमच्याकडून रत्नागिरीला तसाच पाठवते.

खारवारा

मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. त्यात 'पावसाळ्यातला पर्यायी रस्ता' हा मुद्दा तुमच्यामुळे वाढवला.